कॉफीला यंत्र कशाला? पातेलं आणि फडकं पुरे

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आपण चहावाली माणसं. सकाळी चहा, शेतातून आलं की चहा, पाहुणा आला की चहा, गटाची बैठक संपली की चहा. मग आज कॉफी कुठून आली? ती तुमच्याच बैठकांमधून आली. गेल्या काही महिन्यांत दोन-तीन गटांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, औंढ्याच्या जत्रेत, हिंगोलीच्या दसऱ्यात आपल्या स्टॉलवर चहाबरोबर कॉफीही ठेवावी म्हणतो. लोक मागतात. पण त्याला मशीन लागतं म्हणे. मशीनसाठी गटातून कर्ज काढावं का?"

याचं उत्तर मी आधीच सांगून टाकते. कॉफी करायला मशीन लागत नाही. तुमच्या मांडणीवर जे पातेलं आहे, झाकण आहे, गाळणी आहे आणि पेटीत जे धुवट सुती फडकं आहे, तेवढ्यावर चांगली कॉफी होते. मशीनचा विचार करायचा तर तो पुढचा. आधी हात बसू द्या, गिऱ्हाईक किती येतं ते कळू द्या. म्हणून आज कॉफी घरच्या भांड्यात कशी करायची ते सांगते. वही जवळ असेल तर मापं लिहून घ्या.

पुडीवर काय लिहिलंय ते आधी वाचा

दुकानात कॉफी दोन तऱ्हेची मिळते. एक इन्स्टंट. ती गरम पाण्यात टाकली की पूर्ण विरघळते, खाली काही राहत नाही. आपल्याकडं छोट्या पुड्या मिळतात त्या बहुतेक हिच्याच. ही कॉफी कारखान्यात एकदा तयार करून, तिचं पाणी उडवून सुकवलेली असते. म्हणजे ती शिजून आलेली आहे, आपण फक्त पाणी घालतो.

दुसरी म्हणजे दळलेली कॉफी, जिला फिल्टर कॉफीची पावडर म्हणतात. ही भाजलेल्या बियांची भरड असते. ती विरघळत नाही. चहापत्तीसारखा तिचा चोथा उरतो आणि तो गाळावा लागतो. खरा वास आणि खरी चव हिची. मोठ्या किराणा दुकानात विचारा. नसली तर दुकानदाराला सांगून ठेवा, तो मागवून देतो.

या दळलेल्या कॉफीच्या पाकिटावर एक शब्द असतो, 'चिकोरी'. चिकोरी हे एक मूळ आहे. ते सुकवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. त्यानं रंग गडद येतो, कॉफी दाट लागते आणि स्वस्त पडते. हे मिश्रण कायद्याला मान्य आहे, पण त्यात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे आणि किती टक्के काय आहे ते पाकिटावर छापलेलं असलं पाहिजे. काहींना चिकोरीची चव आवडते, त्यात वावगं काही नाही. पण पैसे कॉफीचे देऊन मूळ किती घेतो ते आपल्याला माहीत असावं.

सुटी पावडर घेतली तर एक सोपी परीक्षा करा. काचेच्या पेल्यात थंड पाणी घ्या आणि वर चमचाभर पावडर अलगद टाका. कॉफी बराच वेळ वर तरंगते. चिकोरी लगेच रंग सोडत, तपकिरी रेघा ओढत खाली बसते.

आणि हो, पुड्यांचा हिशेब. पुडीवर वजन आणि किंमत दोन्ही छापलेली असते. किमतीला वजनानं भागा. मग मोठ्या बरणीची किंमत आणि वजन घेऊन तोच भागाकार करा. ग्रॅमला काय पडतं ते समोर येईल. आपण गटात व्याजाचा हिशेब पैशापर्यंत करतो, तसा हाही करायचा.

कॉफी आपल्याकडं नवी नाही

कॉफीचं झाड मूळ इथिओपियाचं. तिथून ते येमेनला गेलं. येमेनमधून बाबा बुदन नावाच्या सूफी संतानं सात बिया लपवून आणल्या आणि कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, असं सांगतात. तो काळ सतराव्या शतकाचा. आज देशातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत पिकते. पण आपल्या राज्यातही ती आहे. वाशीम, अकोला ओलांडून वर अमरावती जिल्ह्यात मेळघाटात गेलात तर चिखलदऱ्याला इंग्रजांच्या काळात लावलेली कॉफी आजही होते.

आणखी एक गोष्ट गटातल्या बायांनी ऐकण्यासारखी आहे. १९४२ च्या कायद्यानं देशात कॉफी बोर्ड उभं राहिलं. या बोर्डानं शहरांत कॉफी हाउसं चालवली. पुढं पन्नाशीच्या दशकात ती बंद करायची ठरली आणि कामगारांवर घरी बसायची वेळ आली. तेव्हा केरळचे नेते ए. के. गोपालन यांच्या पाठबळानं त्या कामगारांनी १९५७-५८ च्या सुमारास आपल्या सहकारी संस्था काढल्या आणि इंडियन कॉफी हाउस स्वतः चालवायला घेतलं. कप उचलणारे आणि कॉफी करणारे लोकच मालक झाले. त्यांतली कितीतरी कॉफी हाउसं आजही चालू आहेत. करणाऱ्यांना काम येत होतं आणि ती एकत्र राहिली, हे त्यांचं भांडवल. आपल्या गटाचं भांडवलही तेच.

तीन गोष्टी: आच, वेळ आणि गाळणं

आता चुलीकडं वळू. चहा करताना आपण पत्ती टाकतो आणि उकळतो, पुन्हा उकळतो, रंग येईपर्यंत उकळतो. कॉफीला हे चालत नाही. कॉफीची बी आधीच चांगली खरपूस भाजलेली असते. गरम पाण्यात तिच्यातून आधी वास आणि थोडा आंबटपणा उतरतो, मग गोडसर चव उतरते आणि शेवटी कडूपणा. उकळत राहिलं की वास वाफेबरोबर उडून जातो आणि पातेल्यात कडूपणा राहतो. "कॉफी कडू असते" असं म्हणणाऱ्या पुष्कळ जणींनी उकळलेलीच कॉफी प्यायलेली असते.

आपल्या भागातल्या बायांना हे पटकन समजेल, कारण आपण हळद शिजवणारी माणसं. वसमतच्या हळदीला आज भौगोलिक मानांकन आहे. हळद कच्ची राहिली तर भाव पडतो, जास्त शिजली तरी रंग बिघडतो. काडी टोचून बघतो, बरोबर वेळेला कढईतून काढतो. कॉफीलाही अशीच वेळ असते. तिला काडी टोचायची नाही, एवढाच फरक.

पहिली गोष्ट आच. पाण्याला खळखळून उकळी आणा, भांडं खाली उतरवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. साधारण अर्धा मिनिट. त्या पाण्यात कॉफी घाला. खालची आच बंदच ठेवायची.

दुसरी गोष्ट वेळ. झाकण ठेवून चार ते पाच मिनिटं. त्याच्या आत काढली तर पांचट लागते. दहा-पंधरा मिनिटं विसरली तर कडू होते.

तिसरी गोष्ट गाळणं. वेळ झाली की चोथा आणि पाणी वेगळं करा. चोथ्यावर कॉफी तशीच ठेवली तर ती आतल्या आत कडू होत राहते.

पहिली रीत: पातेल्यातली कॉफी

ही सगळ्यात सोपी. चार छोट्या कपांचं माप सांगते. एक वाटी पाणी, म्हणजे अंदाजे दीडशे ते पावणेदोनशे मिली. पोह्याच्या चमच्यानं चार सपाट चमचे दळलेली कॉफी, म्हणजे जवळपास वीस ग्रॅम.

पाणी उकळा, उतरवा, अर्धा मिनिट थांबा. कॉफी घाला, चमच्यानं एकदाच ढवळा, सगळी पावडर ओली झाली पाहिजे. झाकण ठेवा. चार मिनिटांनी झाकण काढून वरून चमचाभर थंड पाणी शिंपडा. वर तरंगणारा चोथा खाली बसतो. अर्ध्या मिनिटानं पातेलं न हलवता वरचं पाणी गाळणीतून ओता. तळाचा साका शेवटी भांड्यातच राहू द्या.

हा झाला घट्ट अर्क. हॉटेलवाले याला डिकॉक्शन म्हणतात. दूध वेगळं गरम करा. कपात पाव भाग अर्क, बाकी गरम दूध, साखर आपल्या अंदाजानं. दुधात अर्क घातल्यावर परत गॅसवर चढवू नका. फेस हवा असेल तर दोन पेले घ्या आणि या पेल्यातून त्या पेल्यात उंचावरून तीन-चार वेळा ओता. दक्षिणेत असंच करतात.

दुसरी रीत: फडक्याची कॉफी

चहाच्या गाळणीतून बारीक कण खाली उतरतात आणि कपाच्या तळाशी गाळ बसतो. तो नको असेल तर फडकं घ्या. चक्का टांगायला आपण घेतो तसं विणीचं, पांढरं सुती फडकं किंवा मलमल. नवं असेल तर आधी साध्या पाण्यात उकळून खळ काढून टाका. रंगीत कापड घेऊ नका.

फडक्याचे दोन पदर गाळणीवर पसरा, कडा बाहेर सोडा. गाळणी पातेल्यावर किंवा तोंड मोठं असलेल्या पेल्यावर ठेवा. फडकं गरम पाण्यानं ओलं करून घ्या. त्यात चार चमचे कॉफी घाला. उकळी उतरलेलं पाणी आधी दोन-तीन चमचेच ओता, म्हणजे पावडर भिजून फुगेल. अर्धा मिनिट थांबा. मग उरलेलं वाटीभर पाणी धार धरून, गोल फिरवत, दोन-तीन वेळा थांबत ओता. खाली थेंब थेंब अर्क उतरतो. पिळायचं नाही. पिळलं की कडूपणा आणि गाळ दोन्ही खाली येतात.

हे फडकं कॉफीसाठी वेगळंच ठेवा. दही गाळलेलं फडकं कॉफीला घेऊ नका, वास लागतो. साबण, सोडा लावू नका, त्याचाही वास दुसऱ्या दिवशी कपात येतो. नुसत्या पाण्यात खळखळून धुवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढायचं. ओलं फडकं गोळा करून ठेवलं तर आंबतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

तिसरी रीत: जायफळाची कॉफी

ही आपली मराठी घरांतली जुनी कॉफी. कोजागरीला, जागरणाला, पाहुण्याला रात्रीच्या जेवणानंतर काही वेळानं द्यायची. दोन कपांसाठी एक कप दूध, एक कप पाणी, साखर चवीपुरती. एकत्र उकळा, गॅस बंद करा. त्यात दोन सपाट पोह्याचे चमचे दळलेली कॉफी घालून झाकण ठेवा. पाच मिनिटांनी गाळा. इन्स्टंट असेल तर दोन कपांना चहाचे दोन सपाट चमचे पुरे, आणि गाळायची गरज नाही. शेवटी जायफळ किसणीवर दोन-तीनदा ओढायचं. वाटलं तर एक वेलदोडा कुटून घाला.

जायफळ चिमटीच्या वर घालू नका. स्वाद वाढेल म्हणून अर्धं जायफळ किसून घालणं धोक्याचं आहे. जास्त जायफळ पोटात गेलं तर मळमळ, चक्कर, छातीत धडधड असा त्रास होतो. लहान मुलांच्या पेल्यात तर घालूच नका.

चौथी रीत: फेटलेली कॉफी

ही फक्त इन्स्टंटची होते, दळलेल्या कॉफीची होत नाही. एका कपाला चहाचा एक चमचा इन्स्टंट, दोन चमचे साखर आणि एक छोटा चमचा कोमट पाणी. चमच्यानं फेटत राहा. पाच-सात मिनिटांत गडद तपकिरी मिश्रण फिकट, मऊ, लोण्यासारखं होतं. त्यावर गरम दूध उंचावरून ओता. वर जाड फेस येतो. लग्नात मशीनच्या कॉफीवर बघून आपण भुलतो, तसाच फेस आपल्या चमच्यानं येतो. जत्रेच्या दिवशी सकाळीच वाटीभर फेटून झाकून ठेवलं तर दर कपाला एक चमचा काढता येतो.

पाचवी रीत: उन्हाळ्यातली थंड कॉफी

आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. चुलीपुढं उभं राहायची इच्छा होत नाही. तेव्हा ही रीत. पाणी उकळून गार केलेलं घ्या, एक पेला. चार पोह्याचे चमचे दळलेली कॉफी त्यात ढवळा आणि झाकून रात्रभर माठाजवळच्या गार जागेत ठेवा. फ्रिज असेल तर त्यातच ठेवा. सकाळी फडक्यातून गाळा. आच न लागल्यामुळं ही कॉफी कडू होत नाही. पिताना तेवढंच थंड पाणी किंवा थंड दूध घाला. दूध आधी घालून ठेवायचं नाही. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी दुपारच्या आत संपवा.

पाणी, गूळ आणि बरणी

काही जणी म्हणतात, सगळं सांगितल्याप्रमाणं केलं तरी चव लागत नाही. मग पाणी बघा. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, भांड्याला पांढरा थर धरतो, त्या जड पाण्यात कॉफीची चवही मंद लागते. प्यायला जे फिल्टरचं पाणी आणता, त्यातलंच वाटीभर कॉफीला घ्या.

साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर उकळत्या दुधात घालू नका, दूध फाटायची भीती असते. गूळ कोऱ्या अर्कात विरघळवून घ्या, आणि गॅसवरून उतरवून थोडं निवलेलं दूध मग त्यात मिसळा.

कॉफी दुसऱ्याचा वास लगेच ओढून घेते. हळद, मसाला, हिंग यांच्या शेजारी उघडी ठेवली तर आठवड्यात तिला मसाल्याचा वास येईल. घट्ट झाकणाची कोरडी बरणी, अंधारी जागा, कोरडा चमचा. एकदम किलोभर आणू नका, महिन्यात संपेल एवढीच आणा. उरलेला चोथा परसबागेतल्या खड्ड्यात शेण-पाल्याबरोबर टाका, त्याचं खत होतं.

आणि बिघडली तर? कडू लागली तर पुढच्या वेळी वेळ कमी करा. पांचट लागली तर आधी कॉफी एक चमचा वाढवा, वेळ वाढवू नका. आंबट लागली तर पाणी फार निवलं होतं.

कधी प्यायची, कुणी जपायचं

इथं थोडं लक्ष देऊन ऐका. कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ साली, आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये ५४.२ टक्के बाया रक्त कमी असलेल्या निघाल्या. म्हणजे दोघींत एक. गटाच्या बैठकीत वीस जणी बसल्या तर त्यातल्या दहा-अकरा. चक्कर येणं, दम लागणं, खुरपताना मध्येच बसावंसं वाटणं हे आपण अंगावर काढतो.

आता याचा कॉफीशी संबंध काय? चहा आणि कॉफी दोन्हींत असे घटक असतात की जेवणातलं लोह अंगी लागू देत नाहीत. आपण मेथी, शेपू, बाजरी, गूळ खातो आणि वरून लगेच कपभर चहा पितो. मग खाल्लेल्यातलं बरंच लोह तसंच निघून जातं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली आहाराच्या सूचना काढल्या. त्यात सांगितलंय की जेवणाच्या आधी निदान एक तास आणि नंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नये. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी तर चहा-कॉफीबरोबर कधीच घ्यायची नाही. ती लिंबूपाण्याबरोबर घ्या, लिंबानं लोह जास्त अंगी लागतं.

कॉफीत कॅफिन असतं, त्यानं तरतरी येते. त्याच सूचनांप्रमाणं दीडशे मिलीच्या कपात दळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. म्हणजे चार चहा आणि वर दोन कॉफी झाल्या की आपण मर्यादेच्या आसपास किंवा पलीकडं गेलो. कॉफी वाढवायची तर चहा कमी करायचा, असा साधा हिशेब ठेवा.

गरोदर बाईनं आणखी जपावं. एखादा छोटा कप चालेल का, ते आपल्या डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विचारून ठरवावं. ज्यांना बीपी आहे, झोप लागत नाही, पित्ताचा त्रास आहे, त्यांनी कमी करावी आणि संध्याकाळनंतर टाळावी. लहान मुलांना कॉफी नको. आणि कुणालाही भूक मारायला कॉफी नको. सकाळी न खाता कामाला जायचं आणि पोटात फक्त चहा-कॉफी ढकलायची, ही सवय आपल्या बायांची आहे. भाकरीचा तुकडा आधी, कप नंतर. दोन्हींत तास राखता आला तर उत्तम.

आता मशीनचा प्रश्न

ज्या मशीनची गोष्ट तुम्ही काढता, त्यातली बहुतेक मशीन कॉफी तयार करत नाहीत. साखर, दुधाची भुकटी आणि इन्स्टंट कॉफी एकत्र केलेली पावडर त्यात भरतात. बटण दाबलं की ती गरम पाण्यात मिसळून बाहेर येते. म्हणजे मशीनचा हप्ता तर भरायचाच, शिवाय ती तयार पावडर कायम विकत घेत राहायची. आपल्या म्हशीचं दूध घरी राहतं आणि दुधाच्या भुकटीला पैसे जातात. वीज गेली की मशीन बंद. जत्रेच्या मैदानात वीज जाते की नाही, ते तुम्हीच सांगा.

मशीन वाईट, असं माझं म्हणणं नाही. जिथं रोज शेदोनशे कप जातात, बारमाही गिऱ्हाईक आहे, तिथं ते परवडेलही. पण जत्रेच्या आठ दिवसांसाठी आणि महिन्याच्या एखाद्या कार्यक्रमासाठी बारा महिने हप्ता भरायचा का, याचा विचार करा. गटातलं कर्ज म्हणजे आपल्याच दहा-बारा बायांनी महिन्याला साठवलेला पैसा. तो बियाण्याला, बाळंतपणाला, मुलीच्या फीला लागतो. एखादा विक्रेता बैठकीत येऊन गोड बोलला म्हणून त्याला हात लावायचा नाही.

हिशेब असा मांडा. दोनशे ग्रॅमचं एक पाकीट. आपल्या मापानं कपाला पाच ग्रॅम कॉफी. म्हणजे एका पाकिटात चाळीस छोटे कप. कपाला शंभर मिली दूध धरलं तर चाळीस कपांना चार लिटर. साखर दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम, चाळीस कपांना चारशे ग्रॅम. त्यात गॅस, कागदी कप आणि बसणाऱ्या दोघींची मजुरी धरा. मजुरी विसरू नका. आपण नेहमी तीच विसरतो आणि मग "नफा झाला" म्हणतो. या सगळ्याला तुमच्या गावचे भाव लावा आणि चाळीसनं भागा. कप कितीला पडला ते कळेल. मग विक्रीचा भाव ठरवा.

स्टॉलवर अर्क आधी करून थर्मासमध्ये ठेवता येतो, दूध मंद आचेवर राहतं, आणि कप मागितला की अर्ध्या मिनिटात तयार. एका वेळी अर्क दोन तासांपुरताच करा, जुना झाला की चव उतरते. खाण्यापिण्याच्या विक्रीला अन्नसुरक्षेची नोंदणी लहान विक्रेत्यालाही लागते. गटाची नसेल तर जत्रेच्या आधी करून घ्या.

शेवटी एक काम सांगते. पुढच्या बैठकीला चहा करू नका, कॉफी करा. दोन पातेली घ्या. एकात नेहमीच्या चहासारखी उकळून करा आणि दुसऱ्यात आज सांगितली तशी, आच बंद करून, चार मिनिटं झाकून करा. कुठली कशी केली ते न सांगता सगळ्यांना दोन्ही चाखायला द्या. हात वर करून मोजा आणि इतिवृत्ताच्या वहीत लिहा. ज्यांचा हात चांगला बसला त्या दोघींची नावं जत्रेच्या स्टॉलसाठी ठरवा. एक जत्रा पातेल्यावर आणि फडक्यावर काढा. किती कप गेले, किती उरले, हातात काय राहिलं, ते रोज रात्री वहीत मांडा. तो आकडा समोर ठेवून मशीनचा ठराव बैठकीत आणा. मग घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवाल, विकणारा ठरवणार नाही.

आणि ती कॉफी सगळ्यांना वाटून झाली की स्वतःचा कपही भरा. उभ्यानं, पातेलं विसळता विसळता पिऊ नका. बसून, गरम असताना प्या.